सोडा फाउंटनवरची एक दुपार

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की लेणी, डोंगर, समुद्र नाहीतर मोठमोठी शहरे यांची अपेक्षा असते. मी मात्र आज तुम्हाला आईस्क्रीमच्या एका दुकानात नेणार आहे. दुकान परदेशातले आहे, गाव लहान आहे आणि तिथे मी जेमतेम दीड तास बसलो. पण त्या दीड तासात मला माझ्या लहानपणीचे एक पळसाचे पान आठवले. ते का आठवले, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही पतीपत्नी पुतण्याकडे अमेरिकेला गेलो होतो. इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. पुतण्या तिथे नोकरी करतो. एक दिवस नकाशा पाहता पाहता मला 'कोलंबस' हे नाव दिसले आणि मी खुर्चीतून उठलोच. "अरे, हे कोलंबस म्हणजे आपल्या इंजिनांचे कोलंबस का?" पुतण्या म्हणाला, "तेच आप्पा. इथून साठ किलोमीटर."

मी आय.टी.आय. करून १९७४ साली पुण्याच्या कोथरूडमध्ये किर्लोस्कर कमिन्स कारखान्यात लागलो. हा कारखाना १९६२ सालचा; अमेरिकेतील कमिन्स कंपनी आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीतून उभा राहिलेला. आमच्या विभागात सुट्या भागांची लाकडी खोकी येत. त्यांच्यावर काळ्या अक्षरांत छापलेले असे: कोलंबस, इंडियाना. खोके उघडण्याआधी मी ती अक्षरे रोज वाचत असे. पुढे १९९८ साली कंपनीचे नाव कमिन्स इंडिया झाले, मी यथावकाश निवृत्त झालो, पण ती अक्षरे काही डोळ्यांपुढून गेली नाहीत. आता ते गाव साठ किलोमीटरवर असताना न पाहता परत जाणे शक्यच नव्हते.

"मोटारीने जाऊ," मी म्हणालो. पुतण्या हसला. "आप्पा, ऑक्टोबरात त्या रस्त्याने मोटारसायकलवरच जायचे असते." त्याच्याकडे रॉयल एनफिल्ड आहे. चेन्नईकडे तयार झालेली गाडी अमेरिकेत चालवण्याची त्याला मोठी हौस. आमच्या सौभाग्यवतींनी डोळे वटारले. वय वर्षे सहासष्ट, गुडघे कुरकुरतात आणि हे निघाले मागच्या सीटवर बसून! शेवटी सूनबाईंनी मध्यस्थी केली, धपाट्यांचा डबा बांधून दिला आणि माझ्या अंगात पुतण्याचे जाड जाकीट चढवले. इंडियानात अठरा वर्षांवरील माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. परंतु हेल्मेटशिवाय पुतण्या गाडीला किल्ली लावत नाही. मलाही ते योग्य वाटले. कायदा नसला तरी डोके आपलेच असते.

रस्ता

ब्लूमिंग्टनहून पूर्वेकडे ४६ क्रमांकाचा राज्यमार्ग जातो. इंडियाना म्हटले की मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते, असे मी ऐकून होतो. हा भाग मात्र टेकड्यांचा आहे. रस्ता वळणे घेत चढतो, उतरतो. दोन्ही बाजूंना मेपल आणि ओकची झाडे. पाने नुकतीच रंगू लागली होती. काही पिवळी, काही शेंदरी, काही अजून हिरवीच. आपल्याकडे पळस फुलल्यावर रान पेटल्यासारखे दिसते, तसा प्रकार. फरक इतकाच की आपला पळस उन्हाळ्याची वर्दी देतो आणि ही पाने थंडीची.

वाटेत नॅशव्हिल लागले. हे टेनेसीतले गाण्यांचे मोठे नॅशव्हिल नव्हे. हे चित्रकारांचे छोटे गाव. झाडांचे रंग पाहायला आलेल्या गाड्यांची तिथे रांग लागली होती. गावालगतच ब्राऊन काउंटीचे राखीव वन आहे. तिथे एका कठड्यापाशी थांबून आम्ही धपाटे खाल्ले. पुढे 'नॉ बोन' नावाची वस्ती लागली. पुतण्याने नावाचा अर्थ सांगितला: 'हाड चघळ'. मी म्हणालो, "आपल्याकडेही असली नावे कमी नाहीत." गावांची नावे सगळीकडे सारखीच, कोणी ठेवली, का ठेवली, हे गावालाच ठाऊक.

नदी ओलांडताना तारांनी तोललेला एक नवा पूल लागतो. त्याच्या तारांमधून समोर १८७४ सालच्या न्यायालयाचा मनोरा दिसतो. पुतण्याने गाडी सावकाश केली आणि मान वळवून सांगितले, "आप्पा, आले तुमचे कोलंबस."

इंजिनांचे गाव

जेमतेम पन्नास हजार वस्तीचे हे गाव, पण जगभरचे वास्तुविशारद ते पाहायला येतात. १९४२ साली इथे एलिएल सारिनेन यांनी चर्च बांधले. चौकोनी घडणीचे, उंच मनोऱ्याचे, त्या काळी अगदीच वेगळे. पुढे कमिन्स कंपनीच्या प्रतिष्ठानाने एक योजना आखली. शाळा किंवा सार्वजनिक इमारत बांधताना चांगला वास्तुविशारद नेमला, तर त्याचे मानधन प्रतिष्ठान देईल. त्यामुळे साध्या प्राथमिक शाळासुद्धा नामवंतांनी बांधल्या. १९६९ सालचे ग्रंथालय आय. एम. पेई यांचे आहे. ग्रंथालयासमोर हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान आहे. तिच्याखालून मुले धावत जातात.

या योजनेमागचा माणूस म्हणजे कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर. ते १९६० ते १९६३ या काळात अमेरिकेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. धर्मगुरू नसलेला माणूस त्या पदावर प्रथमच बसला होता. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जो विराट मोर्चा निघाला, त्याच्यामागे परिषदेचे पाठबळ उभे करण्यात त्यांचा वाटा होता. इतकी वर्षे ज्यांच्या इंजिनाचे बोल्ट मी आवळले, त्या कारखानदाराची ही बाजू मला मात्र निवृत्तीनंतर, त्या गावच्या फुटपाथवर उभा असताना कळली.

हिंडून पाय दुखायला लागले तेव्हा पुतण्या म्हणाला, "आता तुम्हाला खरी गंमत दाखवतो."

झहाराको बंधूंचे दुकान

वॉशिंग्टन स्ट्रीटवर 'झहाराकोज' या नावाची पाटी आहे. दार ढकलून आत गेलो आणि मी क्षणभर थबकलो. आईस्क्रीमचे दुकान म्हणजे काचेचे शीतकपाट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अशी माझी समजूत. इथे एका बाजूने लांबच लांब संगमरवरी काउंटर, त्यामागे महोगनी लाकडाचे कोरीव काम, मोठे आरसे, रंगीत काचांचा दिवा, आणि ऑनिक्स या पारदर्शक झाक असलेल्या दगडाचे दोन सोडा फाउंटन. काउंटरपुढे उंच गोल स्टुले. एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात आल्यासारखे वाटले. पण टेबलांवर बसलेली मंडळी अगदी साधी होती. कारखान्याच्या टोप्या घातलेली, पोराबाळांना घेऊन आलेली.

ग्रीस देशातून आलेल्या तीन झहाराको भावांनी १९०० साली हे दुकान काढले. सुरुवातीला मिठाई हाच मुख्य धंदा. १९०४ साली सेंट लुईस शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. ते पाहायला हे भाऊ गेले आणि तिथले सोडा फाउंटन पाहून भारावून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी दुकानासाठी दोन फाउंटन विकत घेतले. आईस्क्रीमचा कोन अमेरिकेत घरोघरी पोहोचला तोही याच प्रदर्शनानंतर. त्याच प्रदर्शनात फिलिपीन्समधल्या आदिवासींची वस्ती वसवून, जिवंत माणसे लोकांना पाहायला मांडली होती, हेही विसरून चालणार नाही. एकीकडे संगमरवर आणि साखर, दुसरीकडे कुंपणात माणूस. प्रगतीची जत्रा भरते तेव्हा तिच्या मागच्या अंगणातही एकदा डोकावून यावे.

सोडा फाउंटन म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवे. कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने पाण्यात विरघळवला की सोडा होतो. पूर्वी हा वायू संगमरवराचा चुरा आणि आम्ल यांच्या संयोगातून तयार करीत. फाउंटनच्या तोटीतून सोडा यायचा, त्यात फळांचा पाक आणि वरून आईस्क्रीमचा गोळा. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा तर गावोगावची ही सोड्याची दुकाने म्हणजेच लोकांच्या भेटीगाठीची जागा झाली.

झहाराको कुटुंबाने पिढ्यानपिढ्या दुकान चालवले. २००६ साली ते बंद पडले. आतले जुने वाद्यसुद्धा विकले जाऊन दूर गेले. मग गावातल्याच एका उद्योजकाने इमारत घेतली, वाद्य परत आणवले, सगळे पहिल्यासारखे दुरुस्त करून २००९ साली दुकान पुन्हा उघडले. शेजारी जुन्या सोडा फाउंटनचे संग्रहालयही मांडले. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला त्यातल्या तोट्या दाखवीत होते.

त्या वाद्याची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. 'ऑर्केस्ट्रियन' म्हणतात त्याला. जर्मनीतील वेल्टे कंपनीने बनवलेले, १९०८ साली या दुकानात आलेले. कपाटाएवढ्या पेटीत बासरीसारख्या नळ्या, ढोल, झांजा असे सगळे बसवलेले. छिद्रे पाडलेला कागदाचा गुंडाळा फिरू लागला की त्या छिद्रांप्रमाणे हवा सुटते आणि वाजवणारा कोणी नसताना अख्खा बँड वाजू लागतो. मी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. आईस्क्रीम सोडून त्या पेटीसमोरच जाऊन उभा राहिलो. ढोलावर टिपरी आपोआप पडताना पाहून पुतण्याला म्हटले, "हे बघ, कागदावर छिद्रे पाडून यंत्राला हुकूम द्यायचा. तुमच्या संगणकाचा हा आजाच की!"

आईस्क्रीम आणि मीठ

मी व्हॅनिला आईस्क्रीम घातलेला सोडा मागवला, पुतण्याने चॉकलेटचे सन्डे. काउंटरमागे एक कृष्णवर्णीय कॉलेजकन्यका होती. तिने एका चापाच्या चमच्याने डब्यातून गोल गोळा काढला आणि अंगठ्याने खटका दाबून ग्लासात सोडला. हा खटक्याचा चमचा आज जगभर आहे, आपल्या गल्लीतल्या दुकानातही आहे. तो आल्फ्रेड क्रॅल या कृष्णवर्णीय माणसाच्या डोक्यातून निघाला. व्हर्जिनिया राज्यात जन्मलेला हा तरुण पिट्सबर्गमध्ये औषधाच्या दुकानात आणि हॉटेलात हमालीचे काम करी. आईस्क्रीम चमच्याला चिकटते, ते काढायला दुसरा चमचा लागतो, वाढणाऱ्याचे दोन्ही हात अडकतात, हे त्याने पाहिले. एका हाताने काढता येईल आणि आपोआप सुटेल असा साचा त्याने बनवला. २ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याला त्याचे पेटंट मिळाले. दुकानातली गैरसोय झाडू मारणाऱ्याला आणि ओझी वाहणाऱ्याला आधी दिसते. ती दूर करण्याची अक्कलही त्याच्यापाशी असते. त्याला विचारले मात्र जात नाही.

घरी आईस्क्रीम करणाऱ्या भगिनींना बर्फात मीठ का घालतात हे ठाऊक असेलच. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली गार होतो. नुसत्या बर्फात दूध गार होईल, पण गोठणार नाही. लाकडी पिंप, त्यात बर्फ आणि खडेमीठ, मधे दुधाचा डबा आणि वर हातळ. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली असल्या हातळीच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे त्याला पॉटचे आईस्क्रीम म्हणत.

ते पॉट मी पहिल्यांदा पाहिले १९६१ साली. मी आठ वर्षांचा होतो.

पळसाचे पान

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. तालुक्याच्या बाजाराला मी वडिलांबरोबर गेलो होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. बाजारात चहाचे एक हॉटेल होते. आमच्यासाठी कपबश्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या असत. आपणच कप घ्यायचा, पुढे करायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, पायरीखाली बसून प्यायचा आणि कप धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. दादांनी तसे केले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. रोज सूर्य उगवतो तसेच ते होते.

शेजारी एक माणूस पॉट फिरवत होता. मी हट्ट धरला. दादांनी खिशातून आणे काढले आणि फळीवर ठेवले. त्या माणसाने आतल्या बाकांवर बसलेल्यांना बश्यांमधून आईस्क्रीम दिले होते. आम्हाला त्याने पळसाचे पान आणायला सांगितले. मी पान दोन्ही हातांनी धरले, त्याने हात उंच करून वरून गोळा टाकला. पान कलले. अर्धे आईस्क्रीम मातीत गेले, उरलेले मी चाटून खाल्ले. दादा इतकेच म्हणाले, "शिकलास तर आत बसून खाशील."

नवल म्हणजे त्या वेळी राज्यघटना लागू होऊन अकरा वर्षे झाली होती. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट अशी नावे घेऊन सांगितले आहे की तिथे कोणाला अटकाव करता येणार नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ साली शिक्षेचा कायदाही झाला. कायद्यात दुकानाचे नाव होते, पण कायदा अजून आमच्या बाजारपेठेच्या पायरीपर्यंत आला नव्हता.

शेजारचे आजोबा

पुन्हा काउंटरवर येऊन बसलो तेव्हा शेजारच्या स्टुलावर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. अंगात स्वच्छ इस्त्रीचा सदरा, समोर व्हॅनिलाची वाटी. त्यांनी विचारले, "कुठून आलात?" मी म्हटले, "पुणे." ते हसले. तीस वर्षे त्यांनी इंजिन कारखान्याच्या जोडणी विभागात काढली होती. पुण्याहून येणारे इंजिनियर त्यांना माहीत होते. मग काय विचारता! बोल्ट, गास्केट, पिस्टन यांच्या गप्पा निघाल्या. माझे इंग्रजी कारखान्याचे, त्यांचे दक्षिणेकडच्या वळणाचे. अडले तिथे पुतण्याने जोडून दिले.

ते मूळचे अलाबामा राज्यातले. १९६५ साली कामासाठी इंडियानात आले. मी त्यांना माझी पळसाच्या पानाची हकिकत सांगितली. पुतण्याने ती प्रथमच ऐकली. आजोबा थोडा वेळ चमचा वाटीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावात दुकानाला मागून खिडकी होती. पैसे खिडकीत द्यायचे, कोन खिडकीत घ्यायचा आणि चालू लागायचे. बसायचे नाही. माझी आई मला कोन घेऊन द्यायची, स्वतः कधी घ्यायची नाही. म्हणायची, मला आवडत नाही. मी मोठा होईपर्यंत खरेच मानत होतो. इथे आल्यावर तिला पहिल्यांदा दुकानात बसवले, तेव्हा तिने दोन वाट्या संपवल्या. तिला आईस्क्रीम आवडत होते. खिडकी आवडत नव्हती."

मी काही बोलू शकलो नाही. मागे वाद्य वाजत होते.

काउंटरसाठी झालेले लढे

परत आल्यावर पुतण्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी या विषयावर थोडे वाचले. तो तपशील आपल्या वाचकांना, विशेषतः माताभगिनींना, माहीत असावा म्हणून देतो.

आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात ७ जुलै १९४८ रोजी एडना ग्रिफिन नावाची कृष्णवर्णीय माता आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन, दोन साथीदारांसह कॅट्झ ड्रग स्टोअर या दुकानात शिरली. जुलैचा उकाडा. त्यांनी आईस्क्रीम मागितले. तुम्हाला देता येत नाही, असे सांगण्यात आले. एडनाबाई घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. आयोवात १८८४ सालापासून असा भेदभाव बेकायदेशीर होता, पण कायदा फाइलीत झोपला होता. बाईंनी त्याला जागे केले. दुकानापुढे निदर्शने केली, ठिय्या दिला, फिर्याद केली. दुकानवाल्याला ५० डॉलर दंड झाला आणि १९४९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ज्या इमारतीत त्यांना आईस्क्रीम नाकारले गेले, तिला १९९८ साली एडना ग्रिफिन यांचेच नाव देण्यात आले.

उत्तर कॅरोलायनातील डरॅम येथे २३ जून १९५७ रोजी सहा कृष्णवर्णीय तरुण-तरुणी रेव्हरंड डग्लस मूर यांच्याबरोबर रॉयल आईस्क्रीम पार्लरमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात जाऊन बसले. त्यांना अटक झाली, दंड झाला, वरच्या न्यायालयातही ते हरले. परंतु १ फेब्रुवारी १९६० रोजी त्याच राज्यातील ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि ही ठिणगी सगळ्या दक्षिणेत पसरली. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. कुठे भेदभाव करता येणार नाही याची यादी त्या कायद्यात आहे. उपाहारगृह, खाणावळ, जेवणाचा काउंटर आणि त्यांच्याबरोबर चक्क 'सोडा फाउंटन' हा शब्द आहे! मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आपल्या घटनेने दुकाने, हॉटेले आणि तलाव यांची नावे घेतली १९५० साली. अमेरिकेच्या कायद्याला सोडा फाउंटनचे नाव घ्यायला आणखी चौदा वर्षे लागली.

कोणी म्हणेल, आईस्क्रीम ही काय लढण्याची गोष्ट? पोटाला भाकरी नाही तिथे चैनीच्या पदार्थाचे काय एवढे! महाडच्या चवदार तळ्याच्या वेळीही असेच विचारणारे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तहानेसाठी नव्हे, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क सिद्ध करायचा होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नमूद केले. विद्वानांनी पत्रातून जे साम्य मांडले, तेच त्या दिवशी दोन निवृत्त कामगारांनी आईस्क्रीम खाताना ओळखले.

ग्लास

आमचे खाऊन झाले. पुतण्या पैसे देत होता. मी उठलो, रिकामा ग्लास हातात घेतला आणि काउंटरच्या टोकाला नळ दिसला तिकडे निघालो. माझ्या लक्षातही आले नव्हते. काउंटरमागची मुलगी म्हणाली, "असू द्या सर, तिथेच ठेवा. मी धुते."

पुतण्या हसून म्हणाला, "आप्पा, इथे स्वतः धुवावे लागत नाही." शेजारचे आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, आपल्या वाटीशेजारी ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कारखान्यात कोणाशीही बरोबरीने बसून जेवलो. मुलांची लग्ने हॉटेलात केली. हजार ठिकाणी चहा प्यायलो. तरीही हात इतकी वर्षे तो कोनाडा विसरला नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. कायदा एका दिवसात होतो. हाताची सवय जायला एक जन्म लागतो.

परतीच्या वाटेवर ऊन कलले होते. झाडांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या. थंडी वाजत होती. आईस्क्रीम खाऊन मोटारसायकलवर बसणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. नॅशव्हिलच्या पुढे पुतण्याने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढले आणि विचारले, "आप्पा, पानाची गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाहीत?" मी म्हटले, "तुम्ही आत बसून खात होता. म्हटले, चव कशाला घालवा." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता पोरांना सांगा. आज रात्रीच सांगा."

त्या रात्री जेवणानंतर मी ती गोष्ट सांगितली. त्याची सात वर्षांची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला: "मग त्या माणसाने बशी का नाही दिली? त्याच्याकडे बश्या तर होत्या ना?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर तिला मी माझ्या परीने दिले. तुमच्या घरातही अशी मुले असतील. त्यांना चांगल्या दुकानात जरूर न्या, ऐटीत आत बसवा, हवे ते खाऊ घाला. आणि एखाद्या दिवशी, त्यांचे खाऊन झाल्यावर, आपल्या घरातल्या कोनाड्याची आणि पानाचीही गोष्ट सांगा. ती त्यांना ठाऊक असली, तर दुसऱ्या कोणाला पायरीखाली बसवलेले पाहून त्यांचा घास अडेल.